काजितानची ट्रंक

बातमी दुपारी आली, मी आमसुलं उलटत असताना.
सूर्यावर मोठा स्फोट झालाय म्हणे,
परवा रात्रीपर्यंत वादळ इथे पोचेल.
मी वर पाहिलं. तोच तो,
दरवर्षी चार दिवसांत माझी सोलं काळी करून देणारा.
त्याच्या अंगात एवढं काही असेल
असं वाटलं नव्हतं.

कुंभारजुव्यात आमच्या मागच्या खोलीत
पूर्वी नारळ रचून ठेवायचे.
आता तिथे माझा स्टुडिओ. भिंतींना काथ्याच्या जुन्या गाद्या,
दोन मायक्रोफोन (एकाचे हप्ते अजून चालू),
एक मिक्सर, ज्याचं तिसरं बटण खरखरतं,
आणि हार्डडिस्कवर अकरा वर्षांत गायलेली माणसं.
त्यांतली सात जणं
आता फक्त तिथेच राहतात.

काजितान फुर्तादने बत्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळला.
फाटकातूनच म्हणाला, "बाय, सगळे प्लग काढ.
नुसतं बटण बंद करून भागत नाही, भिंतीपासून तोड.
एकदा सुएझच्या अलीकडे सूर्य असाच खोकला
आणि तीन तास अख्खा समुद्र मुका."
मग हनुवटी खाजवत, "आपण खूप दक्षिणेला,
इथे काही होत नाही तसं.
पण म्हणून कोण छत्री घरी ठेवतो?"

संध्याकाळी त्याने आपली ट्रंक ढकलत आणली.
पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव,
आत डांबरगोळ्यांचा वास आणि एक ग्रीक नाणं.
काही पत्र्याला टेकू नये म्हणून आतून पुठ्ठा लावला.
हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळली,
आंबा पिकायला ठेवतात तशी.
मायक्रोफोन माझ्या जुन्या दुपट्ट्यात.
फटीवर पिएदादच्या बेबिंकाचा चंदेरी कागद,
चार पदर, बोटाने दाबत दाबत.
"केसाएवढी फट राहिली," काजितान म्हणाला,
"तर सगळं फुकट."

त्या रात्री मी शेवटची वायर ओढली
आणि खोली एकदम बदलली.
ती बारीक गुणगुण, विजेची,
जी मी प्रत्येक आरतीतून, प्रत्येक धालोतून
काटा काढावा तशी काढत आले,
ती नव्हती.
खाडीकडे मानशीची फळी आपटत होती.
ती किती वर्षं आपटतेय कुणास ठाऊक.

"दिवा का नाही गो?" दारात पुर्सो खोर्जुवेकर.
तीन वर्षं मी ज्याच्या पाया पडले
आणि तीन वर्षं ज्याने सांगितलं,
यंत्र समोर आलं की हात गोठतो.
त्याचं घुमट खुंटीलाच आहे. घोरपडीचं कातडं कायद्याने गेलं,
बकऱ्याचं त्याच्याशी बोलेना.
मी सूर्याचं सांगितलं. "बरं," म्हणाला,
आणि बसायला दुसरं काही दिसेना म्हणून
ट्रंकेवर बसला.

आधी नुसती नखं.
मग तळवा, मग मनगटाखालची ती उशी,
जिच्याबद्दल मी फक्त ऐकलं होतं.
पत्रा डाव्या कोपऱ्यात खोल बोलत होता, उजवीकडे कोरडा.
तो कोपरे शोधत गेला.
मी हात मांडीखाली दाबून बसले,
सवयीने ते बटणाकडे जातात म्हणून.

पत्रा सूर्याला अडवतो. टाळीला नाही.
म्हणजे खाली, दुपट्ट्यात,
माझे दोन्ही मायक्रोफोन थरथरले असणार,
तार नसलेले, कुणाला काही न सांगता येणारे.
आणि त्यांच्या शेजारी ती सात माणसं.

किती वेळ ते मोजलं नाही. घड्याळही आतच होतं.
उठताना त्याने झाकण चाचपलं,
"बरी आहे पेटी. कुणाची?"

सकाळी आकाश नेहमीचं. वीज मात्र खरंच गेलेली.
काजितान धावत आला, डोळे चमकत, "वादळ?"
"झावळी," मी म्हटलं. "सावळोबाच्या माडाची,
तारेवर पडली."
तो इतका हिरमुसला
की मी त्याला चहा केला, चुलीवर.

आमसुलं एका दिवसात पुरी वाळली.
ट्रंक अजून माझ्याकडेच आहे.
तो मागत नाही,
आणि मी चंदेरी कागद काढलेला नाही
डाव्या कोपऱ्यावरचा,
जिथे हाताचा दाब उमटलाय.